झोआंच्या टँकमध्ये एंजल हवा आहे, पण कोणता?

फोंड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच असा त्यांचा रीफ टँक, म्हणजे मासे आणि जिवंत प्रवाळ (कोरल) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, दीड वर्षापासून व्यवस्थित चालू आहे. सँप (टँकखालची गाळणीची टाकी), स्किमर (पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र), चिलर, इन्व्हर्टर सगळं आहे. माशांमध्ये ऑसेलॅरिस क्लाऊनची जोडी, एक रॉयल ग्रॅमा, एक सिक्सलाइन रॅस आणि एक यलोटेल डॅमसेल. कोरलमध्ये लेदर, मश्रूम, ग्रीन स्टार पॉलिप, आणि डाव्या बाजूचा पूर्ण खडक भरून झोआ, म्हणजे बटणांसारख्या पॉलिपांचे (छोट्या मऊ जीवांचे) पुंजके. या झोआ त्यांच्या पत्नीने एकेक फ्रॅग (कोरलचा छोटा तुकडा) चिकटवून वाढवल्या आहेत. चवथीला सहा आठवडे उरलेत. घर माणसांनी भरेल, तोवर टँकमध्ये नजर खिळवणारा एक एंजल मासा हवा, अशी त्यांची इच्छा आहे. दुकानात सात-आठ सेंटिमीटरचा एम्परर एंजल आलाय आणि ‘लहान आहे, रीफ-सेफ आहे’, म्हणजे कोरलला त्रास देत नाही, असं दुकानदाराने सांगितलंय. तो नको असेल तर फ्लेम आणि कोरल ब्युटी हे दोन छोटे एंजल एकत्र घ्यावेत, असाही बेत आहे. मेहुणे एक टॉर्च कोरल देतो म्हणतात. पत्नीचा मात्र एंजललाच विरोध आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: ‘नक्की रीफ-सेफ असा एंजल कोणता?’

नमस्कार.

एम्पररचा निर्णय आधी संपवू, कारण दुकानदार तो तुमच्यासाठी राखून ठेवतोय. घेऊ नका. आज त्याच्या निळ्या अंगावर पांढरी वलयं आहेत. मोठा होताना ती जाऊन पिवळे पट्टे येतात आणि मासा चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तुमच्या टँकची रुंदी पंचेचाळीस सेंटिमीटर आहे, म्हणजे त्याला धड वळताही येणार नाही. निसर्गात तो खडकावरचे स्पंज आणि तसेच चिकटून राहणारे जीव खातो. झोआ, मश्रूम, मऊ कोरल ही त्याच्या दृष्टीने त्याच ताटातली वाढ आहे. लहानपणी तो कमी खातो म्हणून निरुपद्रवी वाटतो. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही, तो आजच्या माशाबद्दल बोलतोय. तुम्हाला मात्र तो मासा पुढची दहा-पंधरा वर्षं सांभाळायचा आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ‘नक्की रीफ-सेफ’ हा गुण माशाच्या जातीला चिकटवता येत नाही, आणि हा गैरसमज फक्त तुमचाच नाही. एकाच जातीचे दोन कोरल ब्युटी घ्या. एक वर्षानुवर्षं खडकावरचं शेवाळ खरवडत राहील, दुसरा तिसऱ्याच आठवड्यात झोआ कुरतडायला लागेल. त्यामुळे जात ठरवताना आपण फक्त शक्यता कमी-जास्त करतो. बाकीचं तो विशिष्ट मासा, त्याला किती वेळा खायला मिळतं आणि टँकमध्ये कोणते कोरल आहेत, यावर ठरतं. म्हणून ‘कोणता एंजल सुरक्षित’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: या टँकमधलं काय गेलं तर मला चालेल? तुमच्या बाबतीत याचं उत्तर एकट्याने देता येणार नाही. डावा खडक पत्नीचा आहे. त्यांचा विरोध हा हट्ट नाही, जोखमीचा अंदाज त्यांना बरोबर आलाय.

कारण तुमच्याकडच्या कोरलपैकी सर्वांत कच्चा दुवा झोआच आहेत. लेदर कोरलमध्ये माशांना नकोशी रसायनं असतात, त्यांच्या वाटेला एंजल सहसा जात नाहीत. ग्रीन स्टार पॉलिप चावलं तरी मिटून पुन्हा पसरतं. मश्रूमला क्वचित त्रास होतो. झोआंना मात्र छोटे एंजल आवडीने टोचतात. टोचलं की पॉलिप मिटतो, आणि दिवसातून वीस वेळा टोचलं तर तो मिटलेलाच राहतो. मिटलेल्या पॉलिपला प्रकाश मिळत नाही आणि वसाहत आतल्या आत खंगत जाते. फार थोड्या वेळा मासा कोरल खाऊन संपवतो. बहुतेक वेळा तो त्याला उघडू देत नाही, आणि नुकसान त्यातून होतं. मांसल, मोठ्या पॉलिपचे कोरल आणि जायंट क्लॅमचा (मोठ्या शिंपल्याचा) पडदा यांचंही असंच होतं.

आता कोणते एंजल विचारात घेता येतील ते पाहू.

कोरलच्या दृष्टीने सर्वांत निर्धास्त गट म्हणजे जेनिकॅन्थस, शेपटीला लांब टोकं असलेले एंजल. हे खडकावर चरत नाहीत, मधल्या पाण्यात पोहत प्लवक टिपतात. त्यामुळे झोआ, टॉर्च, क्लॅम सगळ्यांसोबत ते बहुधा गुण्यागोविंदाने राहतात. नर आणि मादी दिसायला पार वेगळे असतात आणि मोठ्या मादीचं पुढे नरात रूपांतर होऊ शकतं, म्हणून एकच घ्यायचा असेल तर लहान मादी घ्यावी. अडचण जागेची आहे. लॅमार्क सर्वांत काटक आणि सहज मिळणारा, पण तो तेवीस सेंटिमीटरपर्यंत जातो. बेलस अठरापर्यंत, वातानाबे पंधरापर्यंत. हे सतत पोहणारे मासे आहेत. साडेचारशे-पाचशे लिटरच्या खाली त्यांना ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. तुमचा टँक काचेच्या मापाने तीनशे चाळीस लिटर भरतो. खडक, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी दोनशे सत्तरच्या आसपास उरतं. शिवाय यांतले बरेच मासे खोल पाण्यातून पकडलेले असतात. वर आणताना घाई झाली तर पोहण्याची पिशवी बिघडते. दुकानात मासा डोकं खाली, शेपूट वर करून धडपडत असेल किंवा सारखी कल्ल्यांजवळची परं मारून एका पातळीवर राहत असेल, तर तो कितीही सुंदर असला तरी सोडून द्या. पुढे सहा फुटी टँक करायचं मनात असेल तर जेनिकॅन्थस तेव्हासाठी राखा.

दुसरा गट सेंट्रोपायगी, म्हणजे छोटे एंजल. तुमच्या टँकमध्ये मावणारे हेच. यांत मी कोरल ब्युटीला पहिली पसंती देईन. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, खायला पटकन शिकतो, आणि दिवसभर शेवाळ व खडकावरचा गाळ खरवडण्यात रमतो. फ्लेम रंगाने उजवा आहे, किंमतही जास्त, पण झोआंच्या जोखमीत तो कोरल ब्युटीपेक्षा सुरक्षित नाही. त्या फरकाचे पैसे लाल रंगाचे आहेत एवढं लक्षात ठेवा. चेरब आठ सेंटिमीटरचाच, पण आकाराच्या मानाने फारच भांडखोर. तुमचा रॉयल ग्रॅमा त्याच्यापुढे बिळातून बाहेर पडणार नाही. बायकलर, लेमनपील आणि आयब्ली हे तिन्ही चौदा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातात आणि कोरलला तोंड लावण्याबद्दल बदनाम आहेत. झोआंच्या टँकसाठी ते यादीतून काढूनच टाका.

फ्लेम आणि कोरल ब्युटी एकत्र ठेवायचा बेत सोडा. दोघे एकाच वंशातले, एकाच खडकावर चरणारे. जो आधी स्थिरावतो तो दुसऱ्याला कोपऱ्यात दाबतो. दबलेला मासा खाणं सोडतो, मग त्याच्यावर पांढरे ठिपके उठतात आणि रोग सगळ्यांना लागतो. तुमच्या टँकमध्ये छोटा एंजल एकच.

टॉर्च कोरलबद्दल एंजलच्या आधी दुसरी गोष्ट बोलायला हवी. टॉर्च हा कठीण सांगाड्याचा प्रवाळ आहे, आणि कठीण प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेहुण्यांनी तो कुठून आणला, आयातीचे कागद आहेत का, हे स्पष्ट विचारा. कागद नसतील तर नम्रपणे नकार द्या. ग्रँड आयलंडच्या बाजूने कुणी ‘समुद्रातला जिवंत खडक’ आणून देतो म्हणालं तरी तोच नियम. खडक वाढवायचाच असेल तर सिरॅमिकचा किंवा कृत्रिम खडक घ्या, काही महिन्यांत त्यावरही जिवाणू आणि गुलाबी शेवाळ धरतं. शिवाय टॉर्चसारखे मांसल पॉलिप छोट्या एंजलला झोआंपेक्षाही जास्त खुणावतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी तो तुमच्या टँकमध्ये नकोच.

तर तुमच्यासमोर खऱ्या अर्थाने दोनच वाटा उरतात. एक, झोआ जशा आहेत तशा ठेवायच्या आणि एंजल आणायचा नाही. ही हार नव्हे. हालचाल आणि रंग हवा असेल तर फ्लॅशर रॅसचा एक नर झोआंकडे ढुंकूनही बघत नाही. फक्त टँकवर जाळी हवी, कारण तो उडी मारतो, आणि सिक्सलाइन आधी बाहेर काढावा लागेल. दोन, पत्नीशी बोलून एक कोरल ब्युटी आणायचा, पण झोआंचा एक हिस्सा आधीच सुरक्षित करून. दुसरी वाट निवडलीत तर पुढचं नीट वाचा.

झोआंच्या प्रत्येक रंगाचा एक फ्रॅग, आठ-दहा पॉलिपचा, वेगळा करून सँपमध्ये छोट्या दिव्याखाली किंवा एखाद्या मित्राच्या टँकमध्ये ठेवा. हे काम करताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काही झोआ आणि पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. कापताना उडणारा चीक डोळ्यांत किंवा जखमेत गेला तर गंभीर त्रास होतो. झोआ असलेला खडक गरम पाण्यात उकळणं किंवा कोरडा घासणं तर कधीही करू नका, ती वाफ आणि धूळ श्वासातून घरातल्या सगळ्यांना बाधते.

चवथीचं गणित मांडून बघा. नवा मासा सरळ मुख्य टँकमध्ये टाकायचा नाही, हे तुम्हाला मान्य असेल असं धरतो. क्वारंटाइन टँकच्या (नवा मासा वेगळा ठेवायच्या टँकच्या) स्पंज फिल्टरमध्ये जिवाणू धरायला तीन-चार आठवडे लागतात. त्यानंतर मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवायचा. म्हणजे आज सुरुवात केली तरी सात ते दहा आठवडे, आणि तुमच्याकडे सहा आहेत. त्यात पावसाळ्यातली वीज. इन्व्हर्टरवर चिलर चालवू नका, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि रिटर्न पंप (सँपमधलं पाणी वर आणणारा) चालवा, कारण वीज गेल्यावर मासे आधी ऑक्सिजनअभावी मरतात. आणि चवथीच्या दिवसांत घरात पाहुणे, मुलं काचेवर टकटक करणार, दिवे रात्री उशिरापर्यंत. नुकत्याच आलेल्या एंजलसाठी याहून वाईट आठवडा नाही. चवथ होऊ द्या, मासा त्यानंतर आणा.

क्वारंटाइनसाठी साठ-ऐंशी लिटरची साधी काच किंवा जाड प्लास्टिकचा टब चालतो. आत स्पंज फिल्टर, हीटर, आणि लपायला दोन इंची पीव्हीसीचे तीन-चार एल्बो. पाणी आरओचं, त्यात सागरी मीठ. समुद्रावरून पाणी आणायचा मोह या दिवसांत तर आवराच, मांडवी आणि जुवारीचं गोडं पाणी किनाऱ्यावर उतरलेलं असतं, त्यात गाळही असतो. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरचा उकाडा लागतो. म्हणून टब घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा आणि पाणी २८ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. दमट हवेत पंखा पाण्यावर फिरवून फारसा फायदा होत नाही, बाष्पीभवनच कमी होतं. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवणं जास्त उपयोगी, मात्र तासाला एक अंशापेक्षा जास्त उतार नको.

दुकानातली क्षारता (विशिष्ट गुरुत्वाचा आकडा) आधी विचारून घ्या. बरीच दुकानं १.०१८ ते १.०२० वर मासे ठेवतात, तुमचा रीफ १.०२५ वर असेल. क्वारंटाइनचं पाणी दुकानाशी जुळवा आणि मग रोज ०.००१ या गतीने वाढवा. एकदम वाढवली तर माशाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो आणि दोन-तीन दिवसांनी तो कारण न कळता मरतो. अमोनिया पहिले दोन आठवडे रोज तपासा, शून्याच्या वर दिसला की वीस टक्के पाणी बदला. शेवाळ धरलेला एक लहानसा खडक आत ठेवलात तर कोरल ब्युटी पहिल्या दिवसापासून चरायला लागतो. औषध टाकायची वेळ आली तर मात्र तो खडक आधी बाहेर काढायचा, तो तांबं शोषतो आणि मात्रा चुकते. आजाराची लक्षणं नसताना तांब्याचं औषध देऊ नका. छोटे एंजल ते नीट सोसत नाहीत, खाणं सोडतात. पण हेही लक्षात घ्या की क्वारंटाइन टाळलं आणि पांढरे ठिपके मुख्य टँकमध्ये शिरले, तर तिथे तांबं वापरताच येत नाही, कोरल मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून रीफ अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो.

मासा निवडताना पाच ते सात सेंटिमीटरचा घ्या, दुकानात किमान आठवडाभर राहिलेला. तुमच्यासमोर त्याला खायला घालायला लावा. पोट आत गेलेलं नको, डोक्यामागचा भाग खोबणीसारखा बसलेला नको, दोन्ही कल्ले सारखे हलायला हवेत. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात जंत असण्याची शक्यता आहे. मासा कुठून आला हेही विचारा. काही ठिकाणी आजही सायनाइड फवारून मासे पकडले जातात. असा मासा खातो, चमकतो आणि काही आठवड्यांत जातो. बंदिस्त पैदाशीचा कोरल ब्युटी मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. तो तयार खाद्य ओळखतो, आणि समुद्रातला एक मासा कमी पकडला जातो.

मुख्य टँकमध्ये सोडताना तुमची अडचण सिक्सलाइन आहे, क्लाऊन नाहीत. क्लाऊन आपल्या कोपऱ्यापुरते भांडतात. सिक्सलाइन मात्र नव्या माशाच्या मागे दिवसभर लागतो, आणि यलोटेल डॅमसेल त्याला साथ देतो. भोकं असलेला पारदर्शक ॲक्रिलिकचा डबा टँकमध्ये लावा आणि एंजलला पाच ते सात दिवस त्यात ठेवा. त्यानंतरही सिक्सलाइन डब्यावर झेपावत असेल तर उलट करा: सिक्सलाइनला चार दिवस डब्यात घाला आणि एंजलला टँक पाहू द्या. सोडण्याच्या दिवशी दोन-तीन खडकांची जागा बदला, म्हणजे कुणाचंच जुनं बीळ उरत नाही. दिवे त्या दिवशी बंद.

झोआ वाचवण्याचं खरं साधन म्हणजे माशाचं पोट. दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला द्या. स्पिरुलिना घातलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), एंजलसाठी मिळणारं स्पंज असलेलं गोठवलेलं खाद्य, आणि रोज नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) पाच सेंटिमीटरचा चौकोन क्लिपला लावून. नोरी तीळ-मीठ नसलेलं घ्या, संध्याकाळी उरलेलं काढून टाका. बाजारातली सुंगटं (कोळंबी) चालतील, पण स्वच्छ धुऊन, सोलून, बारीक चिरून, आठवडाभर गोठवून मग. फक्त सुंगटांवर मात्र ठेवू नका, या माशाला हिरवं लागतं. खाणं वाढल्यावर नायट्रेट चढेल, म्हणून दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. नायट्रेट पाच ते दहा पीपीएमवर राहिलं तर झोआंना ते मानवतं. शेवाळाचा मागमूस नसलेला लख्ख टँक चरणाऱ्या माशाला उपाशी ठेवतो आणि तो उपाशी मासा कोरलकडे वळतो, म्हणून मागची काच घासू नका.

पहिले तीन आठवडे झोआंवर नजर ठेवा. तुम्ही समोर उभे राहिलात की मासा खाण्याच्या आशेने काचेशी येतो आणि खरं वागणं दिसत नाही. फोन स्टँडवर लावून वीस मिनिटांचं चित्रण करा, एकदा सकाळी दिवे लागल्यावर, एकदा दुपारी. एखादी टोच मारून पुढे गेला तर सोडून द्या. तोच पॉलिप परत परत, किंवा एक वसाहत दोन दिवस मिटलेली असेल आणि बाकीचे कोरल उघडे असतील, तर मासाच कारण आहे. सगळे कोरल एकदम मिटले असतील तर माशाला दोष देण्याआधी क्षारता, तापमान आणि अल्कलिनिटी तपासा. टोचत असेल तर त्या वसाहतीवर प्लास्टिकची भोकांची टोपली उलटी ठेवून दहा-बारा दिवस झाका आणि खाण्याची वेळ आणखी एकाने वाढवा. काही मासे सवय सोडतात. नाही सोडली तर तो काढायचा, आणि खडकांनी भरलेल्या टँकमधून जाळीने मासा पकडता येत नाही. त्यासाठी ॲक्रिलिकचा सापळा आधीच घेऊन ठेवा. तो दोन दिवस उघडाच राहू द्या, नोरी फक्त त्यातच द्या, तिसऱ्या दिवशी दार ओढा. काढलेला मासा कुणाकडे जाणार हेही विकत घेण्यापूर्वी ठरलेलं हवं: माशांचाच टँक असलेला कुणी ओळखीचा, किंवा परत घेण्याचं दुकानदाराचं वचन. मिरामार किंवा दोना पावलाच्या पाण्यात सोडण्याचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. टँकमधला मासा सोबत परका रोग समुद्रात नेतो.

घरी बोलताना पत्नीला फक्त दोन गोष्टी विचारा: कोणत्या रंगाच्या झोआ त्यांना कोणत्याही परिस्थितीत गमवायच्या नाहीत, आणि मासा काढण्याचा निर्णय त्या एकट्या घेऊ शकतील का. दुसऱ्याचं उत्तर तुमच्याकडून ‘हो’ असेल तर बहुतेक पहिल्यावर तडजोड होईल. त्या तरीही नको म्हणाल्या तर एंजल सहा फुटी टँकपर्यंत थांबू द्या. त्या काहीही म्हणाल्या तरी आज दुकानदाराला फोन करून एम्परर दुसऱ्याला द्यायला सांगा, आणि त्या हो म्हणाल्या तर एक नवा स्पंज फिल्टर सँपमध्ये टाकून ठेवा. चवथ उरकेपर्यंत तो क्वारंटाइनसाठी तयार असेल.